दोन लांडगे, एक टोपली आणि आजीचे 'दे'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त आपल्या बालपुरवणीत 'चेरोकी आजोबांची शिकवण' म्हणून जी गोष्ट छापली गेली, तिच्याबद्दल हे पत्र. गोष्ट बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलेली आहे. आजोबा नातवाला सांगतात की माणसाच्या मनात दोन लांडगे भांडत असतात, एक भला, एक दुष्ट. नातू विचारतो, जिंकतो कोण? आजोबा म्हणतात, तू ज्याला खाऊ घालशील तो. सोबत चित्र होते : आजोबांच्या डोक्यावर पिसांचा लांबलचक टोप, मागे कातड्याचा शंकूसारखा तंबू, बाजूला ठिपक्यांचा घोडा.

चेरोकी ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. या गोष्टीत आणि चित्रात चेरोकी म्हणावे असे नावाखेरीज काहीही नाही.

छापील स्वरूपात या गोष्टीचे एक जुने रूप भेटते ते १९७८ सालच्या, एका गाजलेल्या अमेरिकन ख्रिस्ती प्रवचनकाराच्या पुस्तकात. तिथे चेरोकी नाहीत, आजोबा नाहीत आणि लांडगेही नाहीत. तिथे एक एस्किमो कोळी आहे आणि त्याची दोन कुत्री, एक पांढरे, एक काळे. त्यांची झुंज लावून तो पैजेवर पैसे कमावतो. पुढे कुत्र्यांचे लांडगे झाले, कोळ्याचे आजोबा झाले आणि गोष्ट चेरोकींच्या नावावर चढली. चेरोकींच्या सात कुळांपैकी एकाचे नावच लांडगा आहे. जेम्स मूनी या अमेरिकन संशोधकाने उत्तर कॅरोलिनातल्या चेरोकींकडून टिपून घेतलेल्या आणि १९०० साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात नोंद आहे की साधा चेरोकी माणूस होता होईतो लांडग्याला मारत नसे. गुरांना फारच उपद्रव झाला तर प्रायश्चित्ताचे विधी जाणणारा माणूस मोबदला देऊन बोलवावा लागे. अशा घरातले आजोबा नातवाला 'मनातला दुष्ट लांडगा' कशाला सांगतील?

चित्राचेही तसेच. पिसांचा तो टोप आणि तो तंबू मैदानी मुलखातल्या, रानरेड्यांमागे फिरणाऱ्या जमातींचा. चेरोकी हे अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ भागातले शेतकरी. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिके. घरे जुन्या काळी कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची. साक्री-नवापूरकडे कुडाचे घर ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे समजावून सांगायला नको. नंतर ओंडक्यांची घरे आली. आणि डोक्यावर काय, तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक चेरोकी पुरुषांच्या चित्रांत चक्क पागोटे दिसते. सिक्वोया या त्यांच्या लिपिकाराच्या प्रसिद्ध चित्रातही तो पागोटे बांधून, चिलीम ओढत, हातात अक्षरांची पाटी घेऊन बसला आहे. आपल्या चित्रकाराने खानदेशी आबांचे पागोटे काढले असते तर ते जास्त खरे ठरले असते.

मग चेरोकी मूल आजी-आजोबांकडून खरोखर शिकते तरी काय? पुरवणीत जागा द्यायची होती ती याला.

आधी घरातला हिशेब. कूळ आईकडून येते. लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, निळा आणि रानबटाटा अशी सात कुळे. आईचे जे कूळ तेच मुलाचे, आणि कुळातल्या कुळात लग्न होत नाही. म्हणून आईची आई ही घरातली मोठी असामी. मुलग्याला वळण लावण्याचे काम जुन्या रीतीत बापापेक्षा मामाकडे अधिक असे. आजी म्हणजे 'एलिसी', आईचे वडील 'एदुदू', आणि वडिलांकडच्यांना वेगळा शब्द, 'एनिसी'. आपण मराठीत दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आजोबा म्हणून मोकळे होतो, तसे तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि खरी गंमत इथेच आहे. मराठी मूल म्हणते, पाणी दे, काठी दे, मांजर दे. क्रियापद एकच. चेरोकीत 'दे'ची पाच रूपे आहेत आणि कोणते वापरायचे ते मागितलेल्या वस्तूवरून ठरते : जिवंत प्राणी, कापडासारखी लवचीक वस्तू, काठीसारखी लांब ताठ वस्तू, दगडासारखी आटोपशीर घट्ट वस्तू आणि पातळ पदार्थ. पाण्याने भरलेला पेला मागताना पातळाचे रूप लागते, रिकामा मागताना लागत नाही. पुस्तकातून शिकलेले मूल एकच रूप पाठ करते आणि सगळीकडे तेच दामटते. आजीच्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्याची ही चूक दिवसाला वीसदा दुरुस्त होते, कारण तिथे चमचा, फडके, अंडे आणि दूध सगळेच मागावे लागते.

आपल्या मुलांना यातला एक भाग सहज कळेल. इंग्रजीत 'वी' म्हटले की ऐकणारा त्यात धरला की नाही, पत्ता लागत नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. चेरोकीतही ते वेगळे आहेत, वर संस्कृतसारखे द्विवचन आहे : तू आणि मी, तो आणि मी, तुम्ही सगळे आणि मी, ते सगळे आणि मी, अशी चार रूपे. आणखी एक : ओठ मिटून म्हणायचे प, फ, ब, भ त्या भाषेत नाहीत, 'म' आहे, तोही मोजक्याच शब्दांत.

लिपीची हकीकत संपादकांना विशेष आवडावी. सिक्वोयाला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने आधी प्रत्येक शब्दाला एक खूण असा घाट घातला, तो आवरेना, म्हणून शब्द फोडून अक्षरांवर आला आणि १८२१ साली लिपी पुरी केली. ती पहिल्यांदा शिकली त्याची सहाएक वर्षांची मुलगी, आयोका. मूळची अक्षरे ८६, आज वापरात ८५. आपल्या बाराखडीप्रमाणे बहुतेक प्रत्येक खूण म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर. स्वर सहा, त्यांतला सहावा नाकातला. सुट्या 'स'ला तेवढी स्वतंत्र खूण. या लिपीत 'चेरोकी फीनिक्स' हे द्विभाषिक वृत्तपत्र २१ फेब्रुवारी १८२८ रोजी निघाले. आपले 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी, तेही दोन भाषांत. जवळजवळ चार वर्षांनी.

शिकवताना अडते कुठे? बाराखडीत क, का, कि, की एका घरातले दिसतात. चेरोकीत एकाच व्यंजनाच्या सहा खुणा एकमेकींसारख्या दिसत नाहीत, प्रत्येक वेगळी घोकावी लागते. दुसरे, कित्येक खुणा इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात पण उच्चार भलताच : डी दिसते ते 'अ', आर दिसतो तो 'ए', टी म्हणजे 'इ', डब्ल्यू म्हणजे 'ला'. ज्या मुलाची एबीसीडी आधी पक्की झाली ते हटकून चुकते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. स्वर लांबवायचा की आखूड, आवाज चढवायचा की उतरवायचा, हे लिपीत लिहिलेच जात नाही, आणि त्याने अर्थ बदलतो. लिपी शिकलेला नातू पान वाचून दाखवील, पण ते बरोबर वाचले की नाही हे आजीच सांगू शकते.

आता टोपली. उत्तर कॅरोलिनातल्या चेरोकींची नावाजलेली टोपली वेळूची असते. तिथला वेळू म्हणजे उत्तर अमेरिकेतला मूळचा बांबू, आपल्या सातपुड्यातल्या मानवेलाचा लांबचा भाऊबंद. पहिला धडा विणायचा नसतो, निवडायचा असतो. अंगठ्याएवढी जाडी, पेरे लांब, सरळ, आणि कांडे निदान दोन-तीन वर्षांचे जून. कोवळे कांडे वाळल्यावर आक्रसते आणि वीण सैल पडते. कांडे सुरीने उभे चिरून चार फाका करायच्या, मग प्रत्येक फाकेचा वरचा चकचकीत पापुद्रा आतल्या भागापासून सोलून काढायचा. विणायला लागतो तो हा पापुद्राच, आतला गाभा टाकून देतात. सोललेली पट्टी आतून खरवडून पातळ करायची आणि दोन्ही कडा तासून एकसारखी रुंद करायची. सर्वाधिक वेळ जातो तो इथे, आणि बिघडतेही इथेच : पट्टी कुठे जाड कुठे पातळ राहिली तर काठाशी वळवताना जाड जागी तडकते.

रंग दोन-तीनच. अक्रोडाच्या जातीच्या काळ्या अक्रोडाच्या मुळा-सालींपासून तपकिरी, बटरनट या झाडापासून काळा आणि ब्लडरूट नावाच्या छोट्या रानवनस्पतीच्या कंदापासून नारिंगी. पट्ट्या रंगाच्या पाण्यात तासन्‌तास उकळतात. घाई केली तर रंग वरवर बसतो आणि विणताना बोटांना लागतो. ब्लडरूट सावकाश वाढते. सगळे कंद एका वर्षी उपटले की ती जागा गेली, म्हणून किती घ्यायचे आणि किती ठेवायचे हेही शिकवावे लागते.

मग दुहेरी वीण. तळ आतल्या बाजूने सुरू होतो, बाजू वर चढतात, काठाशी पट्ट्या वळवून बाहेरून खाली आणतात आणि बाहेरच्या तळाशी संपवतात. एकात एक दोन टोपल्या, पण जोड कुठेच नाही. पट्ट्या विणताना ओलसर हव्यात, कोरड्या मोडतात; फार भिजवून ओल्याच गुंडाळून ठेवल्या तर बुरशी धरते. लहान मुलाच्या हाती दुहेरी टोपली देत नाहीत. त्याला आधी खरवडण, मग एकेरी चटई. चटईत 'दोन वर, दोन खाली' असा घर मोजण्याचा हात बसला की पुढचे.

हाच वारसा ओक्लाहोमात वेगळा दिसतो. १८३८-३९ साली अमेरिकन सरकारने सुमारे १६ हजार चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात मूळ मुलखातून पश्चिमेला हाकलले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४ हजार दगावले, असा अंदाज सांगितला जातो. नव्या मुलखात हवा तसा वेळू फारसा नव्हता. बायकांनी बकब्रश नावाच्या झुडपाचे जमिनीलगत पसरणारे फुटवे घेतले. ते हिवाळ्यात, रस उतरल्यावर तोडायचे, काही तास उकळायचे, गोणपाटाने घासून साल काढायची. गोल काडीची टोपली झाली, पण भिंत दुहेरीच राहिली. पुढे हनीसकलची वेलही आली, जी मूळची जपानची आहे. परंपरा म्हणजे जुने ते जसेच्या तसे, असे ज्यांना वाटते त्यांनी या वेलीकडे पाहावे. सामान बदलले, दुहेरी भिंत बदलली नाही. मूळ प्रदेशातही आता वेळूची बने दोन टक्क्यांहून कमी उरली असल्याचा अंदाज आहे. शेतीने आणि गुरांच्या चराईने ती खाल्ली.

सातपुड्यातला टोपल्या विणणारा म्हातारा हे सगळे वाचून मान डोलवील. मानवेलही दोन-तीन वर्षांचाच घ्यायचा, यंदाचा कोंब तोडायचा नाही. पावसाळा सरल्यावर तोडायचा, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, नाहीतर कीड लागून टोपलीतून पिठासारखा भुसा गळतो, असे जुनी माणसे सांगतात. सूप, टोपली, कणगी, प्रत्येकीची कामटी वेगळ्या जाडीची. सुपाची कामटी टोपलीला लावली तर ओझे पेलत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या किती शाळांत मुलांना हे कोणी सांगते? आदिवासी दिनाला मात्र त्याच म्हाताऱ्याच्या नातवाला पानांचा घागरा नेसवून, तोंडाला काळे-पांढरे पट्टे ओढून 'झिंगालाला' नाचायला उभे करतात. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांपैकी कुणाच्या घरी असा वेश आहे? आपल्या चित्रातल्या पिसांच्या टोपाचीच ही सख्खी बहीण.

खाण्याचे एक उदाहरण देतो, कारण लहान मूल वारशात शिरते ते बहुधा चुलीच्या बाजूने. 'कनुची' हा चेरोकींचा हिवाळी पदार्थ. हिकरी नावाच्या झाडाची कडक कवचाची फळे शरद ऋतूत वेचतात. वेचलेली पाण्यात टाकतात. तरंगतात ती किडकी, ती काढून टाकायची. मग काही आठवडे वाळवायची. ओली कुटली तर लगदा होतो आणि लवकर बुरसटतो. फोडून मोठी कवचे चाळून बाजूला करायची. बारीक तुकडे राहिले तरी चालते, ते पुढे जातात. उरलेले उखळात. उखळ म्हणजे उभा ओंडका, माथ्यावर उथळ कोरलेला. मुसळ आपल्याला उलटे वाटेल : जाड बाजू वर असते आणि बारीक टोक खाली. वरच्या वजनाने घाव बसतो. तेल सुटून गोळा वळू लागेपर्यंत कुटायचे आणि मुठीएवढे लाडू वळायचे. लाडू होत नसेल तर एक तर फळ जुने आहे किंवा कुटणे अपुरे. पाणी घालून वळायचा मोह आवरायचा, कारण पाणी लागलेला लाडू टिकत नाही. पूर्वी हिवाळ्याच्या थंडीवर ते टिकत, आता फ्रीझरमध्ये ठेवतात. उबेला राहिले की तेल खवट होते.

करायच्या दिवशी एक लाडू लिटरभर पाण्यात दहा मिनिटे उकळायचा. तो विरघळून दुधासारखा रस होतो. फडक्यातून गाळायचा, कवचांचे कण तळाशी बसतात, म्हणून भांड्याचा शेवटचा घोट ओतायचा नाही. नवख्याचा दात दुखावतो तो या शेवटच्या घोटाने. रसात राखेच्या पाण्यात शिजवून साल काढलेला मका किंवा भात घालतात. कुणी साखर, कुणी मीठ.

याला आपल्याकडे जोड खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांची. किलो डाळीला किलो गूळ हे कोणीही लिहून देईल. पण पीठ वस्त्रगाळ का? कोंड्याचा एक कण राहिला तरी मांडा हातावर ताणताना तिथून फाटतो. पुरणात डाळीची अर्धवट कणी राहिली तरी तेच. कणीक सैल मळून, तेलाच्या हाताने पुन्हा पुन्हा तिंबून, दोनेक तास झाकून ठेवायची. घाई झाली की ती ताणली जात नाही, आखडते. लाटण्याचे काम थोडे, पुढचे सगळे पालथ्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत. पालथ्या खापराखाली जाळ मधोमध एकवटला तर मांडा मध्ये करपतो आणि कडेला कच्चा राहतो. 'आजीच्या हाताची चव' म्हणून जे छापले जाते, ते एवढे सगळे असते.

खेळाचे थोडक्यात. चेरोकी गोट्या हा मोठ्या माणसांचा खेळ आहे. मैदानात काटकोनात पाच खड्डे, एकमेकांपासून दहाएक यार्डांवर, आणि गोटी जुन्या काळी दगडाची, आता बिलियर्डचा चेंडू. दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास ओक्लाहोमातल्या टाहलेक्वा या त्यांच्या राजधानीत सामने होतात. नातवंडे आजोबांच्या मागे मागे चालत शिकतात.

नाचाबद्दल मात्र एक सावधगिरी. रात्रभर अग्नीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत होणारा त्यांचा नाच हे धार्मिक कार्य आहे. पुरुष गाण्याची ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. बायका-मुलींच्या पोटऱ्यांना खडे भरलेली कासवांची कवचे बांधलेली असतात, हल्ली दुधाचे पत्र्याचे डबेही. ताल त्यांचा असतो. जड कवचे बांधून पहाटेपर्यंत तोल सांभाळणे मुलगी आजीच्या मागे उभी राहून शिकते. याचे फोटो काढत नाहीत, स्टेजवर घेत नाहीत. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात व्रतस्थ माऊल्यांना 'जरा कॅमेऱ्याकडे बघून नाचा' म्हणणाऱ्या आपल्या वार्ताहरांनी हे ध्यानात घ्यावे.

हे सगळे आपोआप चालत आले असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून अमेरिकेत मूळनिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवत. घरची भाषा बोलली तर मार, तोंडात साबण. त्या पिढीने आपल्या मुलांशी ती भाषा बोलायचीच नाही असे ठरवले, शिक्षा चुकावी म्हणून. पुढे १९७८ साली, म्हणजे ती कुत्र्यांची गोष्ट छापली गेली त्याच वर्षी, अमेरिकेत एक कायदा झाला : मूळनिवासी मूल आईवडिलांपासून काढावेच लागले तर आधी त्याच्या नातेवाइकांकडे, म्हणजे व्यवहारात बहुधा आजी-आजोबांकडे द्यावे. कायदा लागला, कारण तोवर चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त मुले घरांतून काढली गेली होती. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

तरी भाषेचा दुवा तुटलाच. २०१९ साली चेरोकींच्या तिन्ही सरकारमान्य गटांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. अस्खलित बोलणारे दोनेक हजार उरले होते, बहुतेक साठीच्या पुढचे. आज त्यांतल्या चेरोकी नेशन या एकट्या गटाचेच नोंदणीकृत सदस्य साडेचार लाखांवर आहेत. मधली पिढी मुकी. म्हणून २००१ पासून टाहलेक्वात पूर्ण चेरोकी माध्यमाची शाळा चालते आणि मोठ्यांसाठी वेगळी योजना आहे : आठवड्याला ४० तास, दोन वर्षे, जाणत्या म्हाताऱ्यांसोबत बसून फक्त चेरोकी बोलायचे, आणि त्यासाठी शिकणाऱ्याला पगार मिळतो. आजीने चुलीपाशी फुकट दिले असते ते आता कचेरीतून पगार देऊन शिकवावे लागते.

खानदेशात अजून त्या आधीचा टप्पा चालू आहे. धुळ्या-जळगावच्या कोणत्याही कॉलनीत पाहा. आजी अहिराणीत बोलते, सून तिला अहिराणीतच उत्तर देते आणि तोंड पोराकडे वळवून मराठीत, नाहीतर मोडक्या इंग्रजीत बोलते. तो जो मान वळवण्याचा क्षण आहे, भाषा तिथे गळते. पोराला अहिराणी कळते, बोलता येत नाही. 'काय करी ऱ्हायना?' या प्रश्नाला ते 'काही नाही' असे उत्तर देते. चेरोकींचीही सुरुवात अशीच होती. शाळेत 'डोया' म्हटले की 'डोळा म्हण', 'रामनं घर' म्हटले की 'रामाचं घर म्हण'. मराठी शिकवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण 'हे घरी, हे शाळेत' असे सांगणे आणि 'हे चूक' असे सांगणे यात फार अंतर आहे.

आश्रमशाळांचा प्रश्न याहून अवघड. अमेरिकेतल्या त्या शाळांशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. हेतू वेगळा, काळ वेगळा, आणि सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या मुलांना शिक्षण मिळाले ते यांच्यामुळेच. परंतु सहा वर्षांचे पावरा मूल पहिलीत गेल्यापासून वर्षाचे नऊ-दहा महिने आजीपासून लांब असते, ही वस्तुस्थिती उरतेच. ते घरी येते दिवाळीला आणि उन्हाळ्यात. भात लावणीला, निंदणीला, रानभाज्यांच्या दिवसांत ते घरी नसते, आणि रानभाजीची ओळख पावसाळ्यातच होते. उन्हाळ्यात आजी दाखवणार तरी काय? आठवड्यातून एक दिवस जवळच्या पाड्यावरच्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांना मानधन देऊन शाळेत बोलावले, पावरीत किंवा मावचीतच बोलू दिले, आणि पावसाळ्यात त्यांच्यासोबत मुलांना शिवारात नेले, तर खर्च फारसा नाही.

आपल्या पुरवणीकडून आमची मागणी एवढी की दर पंधरा दिवसांनी अर्धे पान खानदेशातल्या एका घरकामाला किंवा कारागिरीला द्यावे. मजकूर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा, त्याच्याच बोलीत, देवनागरीत. मराठी अर्थ खाली बारीक अक्षरांत. वार्ताहराने 'नव्या पिढीला काय संदेश द्याल' हा प्रश्न विचारू नये, कारण त्यावर आजीबाईसुद्धा टीव्हीवरचे बोलू लागतात. तिला विचारावे, गेल्या खेपेला काय बिघडले होते आणि का. माप तिच्या मापात लिहावे, मूठ, शेर, वीत, आणि शेजारी ग्रॅम-सेंटिमीटर. हत्याराच्या प्रत्येक भागाचे नाव टिपावे. फोटो चेहऱ्याचा एक आणि हातांचे चार. आणि वेळ साधावी : बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, पान श्रावणात छापून उपयोग नाही, ज्वारी तीन दिवस भिजवून दळायची तर ते चैत्रात यायला हवे. कानबाई या खानदेशी देवीच्या रोटांचे पान नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात हवे, कारण कानबाई बसते ती नागपंचमीनंतरच्या रविवारी.

मानवेलाच्या टोपलीपासून सुरुवात करायची असेल तर वार्ताहराने दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात, तोडणीच्या वेळीच जावे. विणताना गेले तर अर्धे काम आधीच होऊन गेलेले असते. सोबत बोली जाणणारा कोणीतरी न्यावा, आणि जमल्यास त्या घरातला नातू त्या दिवशी शाळेतून सोडवून आणावा.

कळावे,
आपले,
धुळे-नंदुरबार परिसरातील काही भाषाशिक्षक